माळा रिकामा करताना

रविवार, दुपार. माळा रिकामा करायला अखेर मुहूर्त लागला. मिक्सर, लेकीची तीनचाकी, दिवाळी अंकांचे गठ्ठे रिक्षात घातले आणि संकलनाच्या ठिकाणी नेले. पुण्यात असं जुनं सामान 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था गोळा करते. तिच्यामागे १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची पुण्याई आहे.

तिथल्या मावशींनी मिक्सरचं भांडं उलटंपालटं करून पाहिलं. "झाकण आणलंत, बरं केलंत ताई. लोक नुसतंच भांडं देतात." चालू वस्तू एकीकडे, दुरुस्त होतील त्या दुसरीकडे, उरलेलं भंगारात. त्यांचा हात कुठेच अडत नव्हता. रद्दी आणि वापरण्याजोगं यांतला फरक ओळखणं ही त्यांची कमाईची विद्या.

आजीच्या वेळी जुनेर देऊन बोहारणीकडून पातेलं घ्यायचे, विरलेल्या लुगड्यांची वाकळ शिवायची. बोहारणीशी तासभर घासाघीस चाले, कारण जुन्यालाही भाव होता. आता आपण ते फुकट देतो आणि उगाच उदार झाल्यासारखं वाटून घेतो. खरं तर मळकं, मोडकं, अर्धवट सामान देणं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात ढकलणं. वस्तूला पुन्हा घर मिळावं असं वाटत असेल, तर ती धुऊन, पुसून, झाकणासकट द्यावी. आणि नवी घेण्याआधी, ती उद्या कोणाच्या उपयोगी पडेल हेही विचारावं.