मुक्या जिवाचं वजन आणि आपली सोसायटी

थोडी लांब पोस्ट आहे, पण कुत्रा नसलेल्यांनीही वाचावी. खरं तर त्यांनीच जास्त.

आमचा लॅब्रडॉर पहिल्या घरून आमच्याकडे आला तेव्हा सहा वर्षांचा होता आणि वजन ४१ किलो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसकण मारायचा. व्हेटनी थायरॉइड तपासला, तो ठीक निघाला. म्हणाले, "३० वर आणू, पण सावकाश. आठवड्याला एक टक्का उतरलं तरी पुष्कळ." म्हणजे ४०० ग्रॅम.

हिशेब असा. ३० किलोच्या अंगाला वजन उतरवताना दिवसाला साधारण ९०० कॅलरी. वरखाणं त्याच्या दहा टक्क्यांत, म्हणजे ९० कॅलरी. ग्लुकोजच्या बिस्किटांत १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे चार-एक बिस्किटांत दिवसाचा कोटा खल्लास!

घरी अंदाजपंचे वाडगा भरणं बंद, सगळं काट्यावर मोजून. तरी पहिला महिना काटा हलेना. मग एक दिवस फिरताना मोजलं: वॉचमनकाकांची पाच बिस्किटं, इस्त्रीवाल्यांची खारी, तळमजल्यावरच्या आजींची तूप लावलेली अर्धी पोळी. सगळं प्रेमानं. भांडणार कुणाशी?

आजी तर म्हणाल्या, "उपाशी मारतेस की काय मुक्या जिवाला? बघ कसा बघतोय!" तो तसाच बघणार. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रडॉरमध्ये असा जनुकीय बदल असतो की त्याची खाण्याची ओढ वाढते. डोळे केविलवाणे म्हणजे पोट रिकामं असं नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉर जन्मभर अभ्यासले गेले. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. हे "दोन वर्षं" आजींना पटलं.

आता त्याच्या दिवसाच्या मोजलेल्या खाण्यातलंच थोडं छोट्या डब्यांत तिघांकडे ठेवते. द्यायचं तर त्यातलं द्या. कधी गाजर, उकडलेला दुधी. मीठ, फोडणी, कांदा काही नाही. दहा महिन्यांत तो ३१ वर आला आणि वर्षभर तिथेच आहे. दर महिन्याला वजन करतो. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात, ही घरातली परीक्षा.

राहिला चालण्याचा प्रश्न. तो मात्र एकट्या घरानं सुटत नाही. प्रभागातल्या उद्यानाच्या फाटकावर "कुत्र्यांना मनाई", फुटपाथवर दुचाकी, आणि उन्हाळ्यात नऊ वाजता डांबर तापलेलं. लठ्ठ कुत्र्याला उष्माघात लवकर होतो. मग त्याला चालवायचं कुठे?

म्हणून दोन मागण्या. नगरसेवक, अधिकारी वाचत असतील तर: उद्यानात पहाटेचा एक तास कुत्र्यांना द्या. पट्टा सक्तीचा, विष्ठा मालकानं उचलायची, नाही उचलली तर खुशाल दंड करा. आणि शेजाऱ्यांनो, गल्लीतल्या नसबंदी झालेल्या कुत्र्यांनाही खाणं कमी लागतं. त्यांच्यापुढे रोज बिस्किटांचे पुडे ओतू नका. पाण्याचं भांडं भरून ठेवा, त्याचा उपयोग जास्त.

कुणाच्याही कुत्र्याला काही देण्याआधी फक्त एवढं विचारा: "याला चालतं का?"