नळाच्या उलट दिशेने

विकेंडला अख्खं निगडी लोणावळ्याला पळतं. बाइकवाल्याने मात्र सोमाटणे फाट्याला डावीकडे वळावं. शिरगाव मागे पडलं की ट्रॅफिक गायब! भातखाचरं, रस्त्यात निवांत उभ्या म्हशी... चाळीसच्या वर जावंसंच वाटत नाही.

मागच्या शनिवारी असाच पवनानगरला पोचलो. मध्ये धरणाचं पाणी, पलीकडे तुंग. हेच पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, निगडीत सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं आणि मग आमच्या नळाला. म्हणजे सकाळी ज्या पाण्याने दाढी केली, त्याच्या उलट दिशेने मी आलो होतो!

"कुठून आलात?" चहावाल्या काकांनी विचारलं.
"निगडी."
"म्हणजे आमच्याच पाण्यावरचे की!"

काका हसले. मला लगेच हसता येईना. हे पाणी बंद पाइपातून थेट निगडीला नेलं तर नदीकाठच्या शेतीचं काय, म्हणून मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. ९ ऑगस्ट २०११ ला एक्सप्रेसवेवर बऊरजवळ पोलीस गोळीबारात तिघे गेले. एक्सप्रेसवेवरून ते बऊर मी कितीदा शंभरच्या स्पीडने, कॅबमध्ये झोपून ओलांडलंय.

तुम्हीही जा एकदा. हळू जा. कुणी विचारलंच, तर कुठून आलात ते सांगा.