पाच वॅट पुरतात

प्रिय भाचेराव,


हॅम रेडिओची जनरल ग्रेड, तीही मोर्ससकट पास झालास, कॉलसाइन मिळाला, पेढे पोचले. घरभर तुझंच कौतुक चाललं होतं. मग तुझ्या मेसेजची शेवटची ओळ वाचली आणि घास घशाखाली उतरेना. "मामा, तुमच्या काळात ठीक होतं, आता पाच वॅटमध्ये कोण ऐकणार? सरळ शंभर वॅटचा सेट घेतो, फक्त कंपनी सांगा." कंपनीचं नाव एका ओळीत सांगता आलं असतं. सांगणार नाही.

अरे, इंजिनिअर ना तू? आधी हिशेब कर. ५ चे १०० म्हणजे वीसपट, म्हणजे १३ डेसिबल. समोरच्याच्या एस मीटरवरचा एक अंक ६ डेसिबलचा धरतात. शंभर वॅटवर तू त्याला नऊवर ऐकू येत असशील, तर पाच वॅटवर सातच्या किंचित खाली. एवढाच फरक! आणि बोटांत मोर्स आहे तुझ्या. बोलण्याला अडीच किलोहर्ट्झ लागतात, मोर्सला काही शे हर्ट्झचा फिल्टर पुरतो. तेवढा गोंगाट बाहेरच राहतो. इतक्या कष्टाने शिकलेली मोर्सची की आता कपाटात ठेवणार?

पैसे घालायचेच तर तारेत घाल. ७.१ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल म्हणजे साधारण २० मीटर तार, दोन्हीकडे दहा-दहा. मधला भाग बांबूवर जमेल तितका उंच. ती नीट लागली की दिवसा चार-पाचशे किलोमीटरची मंडळी सापडतात, आणि सूर्य मावळून आकाशातला डी थर विरला की लांबचे येऊ लागतात. तेव्हा ७.०३० वर कान लाव. तिथे आमची छोट्या वॅटवाली मंडळी असतात. आधी ऐक, खूप ऐक. मिरजेच्या माडीवर तुला हेडफोन लावून बसवलं होतं, तेव्हा तू मला गप्प बसा म्हणाला होतास. तो कान कुठे गेला?

आणि सेट स्वतः कर. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्सचा आराखडा मांडला आणि सगळ्यांना फुकट दिला. सहा वॅटचा, बोलण्यासाठीचा, चौदा मेगाहर्ट्झचा सेट. कॉईलसाठी टोरॉइड कोर मिळेना तर त्यांनी नळाचे वॉशर वापरले! संगणकाचे स्वस्त क्रिस्टल घेऊन फिल्टर केला, आणि शेवटच्या टप्प्याला आयआरएफ ५१० हा ट्रान्झिस्टर, जो मुळात रेडिओसाठी बनवलेलाच नाही. लॅमिंग्टन रोडला अर्धा दिवस फिरलास तर बरंचसं सामान पिशवीत येईल. हे आपल्याच देशात झालं आणि परदेशातल्या हौशी लोकांनी डोक्यावर घेतलं. तू मात्र खोक्यातला सेट मागवतोस.

कॉईल गुंडाळताना घाई नको. कोरच्या भोकातून तार जितक्यांदा जाते तितके वेढे, बाहेरून दिसतात ते मोजू नकोस. टोकांवरचं इनॅमल ब्लेडने खरवड, तांबं चारही बाजूंनी लखलखलं पाहिजे, मगच शिसं लाव. नाहीतर सांधा वरून छान दिसतो आणि आत काहीच जोडलेलं नसतं. या कामातून जे कळतं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. माझ्या सेटचा सूर सरकायला लागला की कुठला भाग तापलाय ते मला ऐकूनच समजतं. विकतच्या सेटचं झाकण तू उघडशील का तरी?

२००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या चमूने रेडिओवरून निरोप पोचवले. तशी वेळ कुणावर न येवो. पण आली आणि वीज गेली, तर शंभर वॅटचा सेट बोलताना वीसेक अँपिअर ओढतो. ती बॅटरी कुठून आणशील? माझा छोटा सेट अलार्मच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर संध्याकाळभर चालतो.

हे सगळं लिहितोय खरं, पण मन दुसरीकडेच आहे. ताईने गच्चीचा फोटो पाठवला. कठड्याच्या पलीकडून विजेची जी लाईन गेली आहे, ती मला ११ हजार व्होल्टची वाटते. तू लोखंडी पाइप उभा करणार आहेस म्हणे. मुळीच करू नकोस! खांब कुठल्याही बाजूला पडला, तार कुठेही तुटली, तरी लाईनपर्यंत पोचता कामा नये. तिच्यावरून नाही, खालूनही नाही. गच्चीवर एकटा चढू नकोस, ओल्या स्लॅबवर तर अजिबात नको. ढग गडगडायच्या आधी अँटेनाची केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवायची. वळवाचे दिवस आहेत, ताई दिवसभर एकटी असते, तिलाही हे दाखवून ठेव. आणि सोल्डरिंग करताना खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा.

येत्या रविवारी मी येतो. येताना बांबू, नायलॉनची दोरी आणि माझा अँटेना ब्रिज आणेन. तोवर सेटची ऑर्डर देऊ नकोस आणि गच्चीवर काहीही बांधू नकोस. एवढं माझं ऐक.

७३,
तुझा मामा