तिथीची पाऊणपट

पेणची म्हटलं की समोरचा आधी गणपतींचं विचारतो, मग पापडांचं. दोन्ही रास्तच. पण माझ्या लहानपणातलं पेण गावाबाहेर, अंतोऱ्याकडच्या खारबांधांवर आहे. अंतोरे हे पेणचं जुनं बंदर. गलबतं भरतीच्या पाण्यावर आत यायची आणि भरतीच्याच पाण्यावर बाहेर पडायची. मी पाहिलं तेव्हा गलबतं गेली होती, पाण्याचं येणं-जाणं तेवढं राहिलं होतं.

सुट्टीच्या दिवशी आजोबा आम्हा भावंडांना तिकडे न्यायचे. निघण्याआधी ते घड्याळ पाहत नसत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहत आणि तिची पाऊणपट करत. चतुर्थी असली तर तीन वाजता भरती, दुपारी आणि पुन्हा पहाटे. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. आमची खाडी धरमतरच्या बरीच आत, म्हणून वर थोडा उशीर धरायचा. किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी माणसांचा हा हिशेब, आजोबांनी तो कुठल्याशा नाखव्याकडून उचललेला. पाऊणकी शाळेतून कधीच हद्दपार झाली होती, मला ती बांधावर पाठ झाली. चंद्र रोज पाऊण तासाहून जरासा जास्तच उशिरा उगवतो, त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस हा हिशेब मागे पडतो. पौर्णिमेला उत्तर येतं सव्वाअकरा, पाणी भरतं बाराच्या सुमाराला. आजोबांना ते ठाऊक होतं. पौर्णिमेला आणि अमावास्येला ते गणित न करता थेट ‘बारा’ म्हणायचे.

पुढे नोकरीसाठी दादरला राहिले तेव्हा पावसाळ्यात ही पाऊणपट भलतीच उपयोगी पडली. आभाळ भरून आलेलं आणि दुपारी उधाणाची भरती, म्हणजे शहरात पडलेलं पाणी समुद्र घेणार नाही आणि रूळ बुडणार. ऑफिसात सगळे खिडकीबाहेर बघत, मी तिथी बघून पर्स आवरत असे.

लग्न होऊन आले ती रोह्याला. पेणहून गाडीत बसलं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. माहेर-सासर एकाच रुळावर. मुलं झाली, चालायला लागली, बोलायला तर त्याआधीच लागली असावीत. धाकटी सहा वर्षांची, थोरला नऊचा. माहेरी गेलो की आमची सहल ठरलेली, तिला ना तिकीट ना प्रवेशद्वार.

बांधातली उघाडी थोरल्याच्या खास आवडीची. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की शेतातलं साचलेलं पाणी आतून रेटतं आणि तीच झडप उघडते. माणूस लागत नाही, मोटर लागत नाही. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून एवढी साधी युक्ती. ही झडप कुजली किंवा बांधाला खांड पडली, तर पुढची काही वर्षं तिथे भात होत नाही. थोरल्याने तिथे बसून दोन्ही वेळा पाहायचा हट्ट धरला, म्हणजे सहा तास! आम्ही डबा घेऊन गेलो आणि बसलो. मुलांना कंटाळा येतो असं म्हणतात. मला वाटतं, तो आधी मोठ्यांना येतो.

धाकटीचा जीव चिखलात. निवटी हा मासा असूनही चिखलावर सरपटतो आणि टुणकन उडी मारतो, हे पाहून तिने त्याला मासा मानायलाच नकार दिला. एका नांगीच्या जागी केवढा तरी कोयता घेऊन फिरणारे खेकडे तिने नुसतेच मोजले. तिवराच्या पानामागचा पांढरा कण तिने मला न विचारता चाटला आणि ओरडली, ‘‘मीठ!’’ तिवर मुळांतून आलेलं जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. चाखलं मात्र तिच्यामुळे.

रोह्यात नदीपलीकडचं गाव अष्टमी. अष्टमी तिथीला भरती कमी चढते, तो भांग. तेव्हा अष्टमीत कायमच भांग असतो का, हा घरातला जुना विनोद. पण कुंडलिकेपाशी पाऊणपट अर्धीच लागू पडते. खालच्या अंगाला रेवदंड्याची खाडी चंद्राच्या वेळेने चढते-उतरते. वरून येणाऱ्या पाण्याची वेळ वेगळी. ते येतं भिऱ्याच्या वीजघरातून. मुळशी धरणाचं हे पाणी खरं तर मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि 1927 पासून ते भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करतं. त्या धरणाखाली गावं गेली, 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हेही मुलांना सांगितलं. थोरल्याने विचारलं, ‘‘मग ती माणसं कुठे गेली?’’ त्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ होतो.

कोलाडच्या वर सकाळी रबरी होड्यांतून माणसं किंचाळत जातात, ती याच पाण्यावर. मुलं त्यासाठी लहान, म्हणून आम्ही काठावरून बघतो. दगड कोरडे असतात आणि बघता बघता बुडतात. पावसाचा थेंब नाही, तरी नदी चढते.

‘‘याची पाऊणपट काय?’’ थोरल्याने विचारलं.

तशी नसते, मुंबईला वीज हवी असेल तसं पाणी सोडतात, असं बाबांनी सांगितलं. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. पुढच्या वेळी कोलाडला जायचं ठरलं तेव्हा आदल्या रात्री माझा फोन घेऊन त्याने दादरच्या मामाला बजावलं, सकाळी सहाला गीझर लाव, पंखेपण सगळे लाव, आम्ही नदीवर असू. मामाने फक्त विचारलं, किती वेळ चालू ठेवू?