‘पूर्वीची बिडी’ शोधताना…

‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य पुण्यात कशालाही चालतं. मिसळ, गणपती, हवा… काहीही! ऑफिसातला एक मित्र ते क्युबन सिगारबद्दल म्हणतो. त्याचं एक वेळ मान्य करू. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इयन’ वादळानं पिनार देल रिओ या तंबाखूच्या प्रांतात पानं सुकवायच्या हजारो शेड्स पाडल्या. पानच बिघडलं तर वळणारा तरी काय करणार?

पण सिगारची एक गरीब चुलत बहीण आपल्या भवानी पेठेत राहते. बिडी! नातं मी जोडत नाहीये, १९६६ च्या कायद्याच्या नावातच ‘बिडी आणि सिगार कामगार’ असे दोघे शेजारी बसलेत. दोन्हींत पान, तंबाखू आणि माणसाची बोटं. आणि पानटपरीवरच्या जुन्या गिऱ्हाइकांची तक्रारही तीच: बिडी मध्येच विझते, लहान झालीय, पूर्वीची चव नाही.

म्हणून एका शनिवारी गेलो. कॅम्पातल्या कॉफी शॉपपासून बाइकवर दहा मिनिटं. पाट्या मराठी, गल्लीतलं बोलणं तेलुगू. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली समाजाची ही जुनी वस्ती. सोलापूरसारखंच इथंही बिडी वळायचं काम घराघरातल्या बायकांच्या हाती. उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या साठीच्या अक्कांना थेट विचारलं, ‘‘अक्का, बिडीची क्वालिटी खरंच उतरलीय का हो?’’

‘‘हाताची का पानाची?’’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

यातच सगळं आलं. आदल्या रात्री पान भिजवून ठेवायचं. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, शिरा टाळून. चिमूटभर तंबाखू पसरायची. कमी पडली तर बिडी पोकळ, जास्त झाली तर ओढच नाही. मग वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड दुमडायचं. अक्कांचं हे सगळं मला मोबाइलवर नीट शूटही करता आलं नाही, इतकं झटपट! तरी हजार बिड्यांना दहा-बारा तास जातात. बिडी पंचविसाच्या कट्ट्यात बांधली जाते. कंपनीच्या ब्रँचमध्ये तपासणी होते, वेड्यावाकड्या बिड्या बाद. बाद म्हणजे मजुरी नाही.

पान येतं गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातून. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेंदूची झुडपं छाटतात, त्याला तिकडे खुटकटाई म्हणतात. ती नीट झाली तर कोवळं, मऊ पान फुटतं. नाही झाली तर जाड, भोकं पडलेलं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक पोतं. पोत्यात कसलं पान निघेल ते पुण्यातल्या बाईच्या हातात नसतं. खराब पान कापताना वाया जातं, हजार बिड्या मात्र हजारच द्याव्या लागतात.

‘‘मग कमी पडलं तर?’’

‘‘विकत आणायचं. आपल्या पैशानं.’’

म्हणजे बघा, तुमच्या-माझ्यापर्यंत येणारा कट्टा अजून सरळसोट दिसतो, कारण त्याच्यातली खोट अक्कांच्या पर्समधून भरली जाते. सिगारचं पान बिघडलं की भाव वाढतो आणि त्याची चर्चा जगभर होते. बिडीचं पान बिघडलं की एका घरात भाजी कमी येते, एवढंच. टपरीवरच्या काकांचं म्हणणं अगदीच खोटं नसेल. पण हात घसरला म्हणाल, तर मला पटत नाही. (आणि हो, बिडी ‘साधी’ म्हणून कमी घातक असते हा भ्रम सोडा. वळताना उडणारी तंबाखूची धूळ तर न ओढणाऱ्या अक्कांच्या छातीत जाते. बोलताना त्या चारदा खोकल्या.)

गंमत म्हणजे पाकिटाबद्दल आपण भरपूर बोललो. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आला. २०१७ मध्ये जीएसटीचे २८ टक्के लागले. २०२० मध्ये ‘संभाजी बिडी’च्या नावावरून आंदोलन झालं, पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीनं नाव बदलायचं ठरवलं आणि ‘साबळे बिडी’ आली. नावाचा प्रश्न रास्तच होता. फक्त कट्टा कोण बांधतं, हे त्या गदारोळात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

सोलापुरात निदान घरं तरी झाली. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार बायकांना २००६ मध्ये दहा हजार घरं मिळाली, मोर्चे काढून काढून. भवानी पेठेतल्या अक्कांची खोली दहा बाय बाराची. त्यातच पोतं, सूप, टीव्ही आणि नातवाची अभ्यासाची वह्या-पुस्तकं.

निघताना विचारलं, सून वळते का? ती हडपसरला मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर असते म्हणाल्या. ‘‘यायचं शिकायला. मीच फर्म्याला हात लावू दिला नाही.’’ मग दोरा दातानं तोडला आणि पुढचं पान घेतलं. संध्याकाळी ब्रँच बंद व्हायच्या आत अजून तीनशे व्हायच्या होत्या.