एका ‘टाइम’ची चार घरे

एकत्र कुटुंबात एखादी थोरली काकू असते. स्वयंपाकाला तीच, पाहुण्यांना तीच, बाळंतिणीच्या उशाशीही तीच. इंग्रजी भाषेच्या घरात ‘टाइम’ हा शब्द असाच आहे. किती वाजले ते तोच सांगतो, फुरसत आहे की नाही ते तोच सांगतो, ‘तीनदा’ म्हणायचे तरी तोच आणि ‘शिवाजीमहाराजांच्या काळी’ म्हणायचे तरीही तोच. आपल्या घरांतूनही त्याला आता इतके राबवतात, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

या काकूला घेऊन पॅरिसला जावे, म्हणजे खरी गंमत कळते. तिथे तिचा संसार चार जावांत वाटलेला. घड्याळातली वेळ ती ‘अर’, वाहणारा काळ तो ‘ताँ’, एकदा-दोनदातली खेप ती ‘फ्वा’ आणि इतिहासातला जमाना तो ‘एपॉक’. मेच्या सुट्टीत आठ दिवस पॅरिसमध्ये राहण्याचा योग आला, तेव्हा राजवाड्यांच्या जोडीला या चौघींची बिऱ्हाडेही पाहून घ्यावीत असे ठरवले.

‘अर’चे बिऱ्हाड सापडायला सोपे. सेन नदीच्या मधोमध सिते नावाचे बेट आहे. तिथल्या जुन्या राजवाड्याच्या बुरुजावर निळ्या-सोनेरी रंगांचे एक देखणे घड्याळ आहे. चौदाव्या शतकात पाचव्या शार्ल राजाने पॅरिसमधले पहिले सार्वजनिक घड्याळ बसवले ते इथेच. आजचा नक्षीचा साज १५८५ सालचा. त्याच्याखाली उभे राहून वाटसरूला ‘किती वाजले?’ असे विचारायचे, तर ‘अर’ हाच शब्द हवा. त्याऐवजी कुणी ‘ताँ’ वापरला, तर समोरचा गृहस्थ मनगटाकडे न पाहता आभाळाकडे पाहील! कारण ‘ताँ’ म्हणजे काळ, तसाच ‘ताँ’ म्हणजे हवापाणीही.

हसू नका बरे का. आपले उन्हाळा आणि हिवाळा हे शब्द उष्णकाल आणि हिमकाल यांच्यापासूनच आलेले आहेत. हवेच्या पोटात काळ आपणही दडवलेला आहे. रोजच्या वापराने तो घासला गेला, एवढेच.

पुढचा मुक्काम सँ लाझार स्टेशन. स्टेशनाबाहेर आर्मां या शिल्पकाराने १९८५ साली घड्याळांची एक उतरंडच रचून ठेवली आहे. एकावर एक चढलेली घड्याळे, आणि एकाचा काटा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! आत गेले की दुसरा धडा मिळतो. गाडी ठरल्या मिनिटाला आली तर ती ‘आ लर’, म्हणजे वेळेवर. पण बंब येऊन घर वाचले, तर तो ‘आ ताँ’ आला, म्हणजे वेळीच. पहिल्यात वेळापत्रकाचा मान राहतो, दुसऱ्यात माणसाचा जीव.

हा भेद आपण कसा करतो? नुसत्या लिंगाने! ‘गाडीला वेळ झाला’ म्हणजे गाडी रखडली; ‘गाडीची वेळ झाली’ म्हणजे पिशव्या उचला. लांबतो तो वेळ पुल्लिंगी, ठेपते ती वेळ स्त्रीलिंगी. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, आणि मग घरी जाऊन आईला विचारतात.

घड्याळाचा अभिमानही दोन्हीकडे सारखाच. १९११ साली फ्रान्सने ग्रीनिचची वेळ स्वीकारली खरी, पण कायद्यात ग्रीनिचचे नाव येऊ दिले नाही. ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे’ असे लिहून मोकळे झाले! आपली मुंबई तरी कुठे मागे होती? १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी शहराने ३९ मिनिटे मागे असलेला आपला ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत जपला.

‘ताँ’ची खोली पाहायची तर कार्नाव्हाले संग्रहालयात जावे. तिथे मार्सेल प्रूस्त या कादंबरीकाराची शेजघराची मांडणी जपून ठेवली आहे. १९१३ ते १९२७ या वर्षांत सात भागांत निघालेल्या त्याच्या कादंबरीच्या नावात ‘ताँ पेर्द्यू’ आहे. म्हणजे हरवलेला काळ, आणि वाया घालवलेला वेळही. पहिल्या इंग्रजी अनुवादकाने १९२२ साली ‘टाइम’ला हातच न लावता शेक्सपिअरच्या सुनीतातले शब्द घेऊन नाव दिले. ‘टाइम’ त्या नावात शिरला तो १९९२च्या आवृत्तीत. सगळी कामे करणाऱ्या काकूला नेमक्या कार्याच्या दिवशी सत्तर वर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले!

‘फ्वा’ मुलांच्यात रमते. तिथल्या परीकथा तिच्यापासूनच सुरू होतात आणि पाढेही तिच्याच तोंडून म्हटले जातात. ‘एपॉक’चा थाट जुन्या सरदारणीचा, १९१४च्या महायुद्धापूर्वीच्या सुखाच्या वर्षांना पॅरिसकर ‘सुंदर एपॉक’ म्हणतात.

यावरून फ्रेंच श्रीमंत आणि इंग्रजी दरिद्री असे मात्र कुणी समजू नये. ‘ताँ’लाही संगीतातल्या मात्रेपासून इंजिनाच्या ठोक्यापर्यंत सारी कामे पडतात. प्रत्येक घराची वाटणी वेगळी, एवढेच. काळजी वाटते ती आपल्या घराची. वेळ, काळ, खेप, घटका, प्रहर, सवड, फुरसत अशी भरली मांडणी असताना आपण सगळे एकाच भांड्यात शिजवू लागलो आहोत. ‘टाइम नाही’, ‘टाइम झाला’, ‘किती टाइम सांगायचे?’ भांडे चांगले आहे, वाद नाही. पण मांडणीवरची बाकीची भांडी काढून ठेवली, की नातवंडांना त्यांची नावेही उरत नाहीत.

जिवावरच्या दुखण्यातून कुणी उठले, की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ एवढे एक वाक्य ‘टाइम’मध्ये म्हणून पाहा!