चोर्ल्यापलीकडची तांबडी धूळ

बेळगावकरांना गोवा चोर्ला घाटाने जवळ. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून घाट उतरला की केरी आणि पुढे साखळी. तिथे माझ्या आत्याचे घर आहे. २००८ च्या सुमारास तिकडे जाताना आमची मंडळी पांढरे कपडे घेत नसत. खनिजाच्या ट्रकांची रांग संपायची नाही आणि काजूची पानेसुद्धा तांबडी. सोबत आलेल्या धारवाडच्या सासूबाईंनी विचारले, "इष्टु केंपु मण्णु एल्लिगे होग्तद?" एवढी तांबडी माती जाते तरी कुठे?

मी म्हणालो, "चीनला." मांडवीतून बार्जने मुरगाव बंदर, तिथून बोटीने परदेश. कमी प्रतीच्या या खनिजाला आधी जपानने आणि २००० नंतर चीनने गिऱ्हाईक दिले. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक माल गेला.

माझ्या आतेभावाने कर्ज काढून दोन ट्रक घेतले. घरावर स्लॅब पडला, मुलगी इंजिनिअरिंगला गेली. पण टनभर खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती पावसात वाहून आत्याच्या भातशेतीत बसली. खाणीच्या खड्ड्यातले पाणी पंपाने उपसले जाई, तशी विहीर मार्चमध्येच तळ दाखवू लागली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, २०१८ मध्ये पुन्हा बंदी आली. लिलावानंतरची पहिली खाण २०२४ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात आत्याच्या विहिरीला पाणी टिकू लागले. मी आनंदाने तसे म्हणालो, तर भाऊ म्हणाला, "दादा, पाणी आलं, पण हप्ता काय पाण्यानं भरू?"

मी वर्गात निर्यातीचे फायदे शिकवतो. परकीय चलन, रोजगार, महसूल हे सगळे खरेच आहे. पण आत्याची विहीर आणि गाळ भरलेले शेत कुठल्याच रकान्यात येत नाही. गाळ काढण्याचा खर्च टनामागच्या दरातच धरला, तर परदेशी गिऱ्हाईक खरी किंमत मोजील आणि खाणही बेताने चालेल.

ज्या मांडवीतून बार्ज जातात, ती म्हादई आपल्या खानापूर तालुक्यातच उगम पावते. म्हणून हा हिशेब घाटापलीकडच्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

मागच्या खेपेला भावाने एक ट्रक विकला होता. आत्याने तांब्याभर पाणी पुढे केले. "विहिरीचंच आहे रे," ती म्हणाली.